हृदयाच्या उपचारासाठी परदेशी जायचे असेल तर सोलापुरातून निघण्याआधी काय करावे

बायपास, झडप बदलणे, पेसमेकर, हृदयातले साधे छिद्र बंद करणे, यांसाठी सोलापूरकराला समुद्र ओलांडायची गरज नाही. पुणे, हैदराबाद, मुंबईत ही कामे रोज होतात. परदेशाचा विचार करावा तो आजार विरळ असेल आणि ती शस्त्रक्रिया जगात मोजक्याच ठिकाणी भरपूर होत असेल तेव्हा. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत जुन्या गुठळ्या चिकटून दाब वाढला असेल, तर त्या सोलून काढण्यात अमेरिकेतल्या सॅन डिएगोचे विद्यापीठ रुग्णालय आणि ब्रिटनमधल्या केंब्रिजचे रॉयल पॅपवर्थ यांचा हातखंडा आहे. हृदयाचा मधला पडदा जाड झाला असेल तर अमेरिकेतलेच मेयो किंवा क्लीव्हलँड क्लिनिक, बाळाच्या गुंतागुंतीच्या जन्मजात दोषासाठी बोस्टन चिल्ड्रन्स. तरीही आधी आपल्या डॉक्टरांना विचारा की हीच शस्त्रक्रिया भारतात नियमित करणारे सर्जन कोण आहेत. नीट उत्तर मिळाले तर त्यांच्याकडेच जा.

परदेशातला सर्जन रुग्णाआधी फाइल पाहतो, आणि बहुतेक प्रकरणे इथेच अडकतात. अँजिओग्राफीचा छापील अहवाल पुरत नाही, डायकॉम स्वरूपातली, म्हणजे यंत्रातून निघालेल्या मूळ चित्रांची सीडी लागते. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो कोणी वाचत नाही. इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) आकडे पाठवताना हलती चित्रेही मागून घ्या, कारण झडपेची गळती किती हे ते स्वतः पाहून ठरवतात. छिद्र मोठे आणि वय वाढलेले असेल, तर कॅथ तपासणीतले (रक्तवाहिनीतून हृदयात नळी घालून मोजलेले) फुप्फुसाचा दाब व ऑक्सिजनचे आकडे नसताना कोणी हो म्हणणार नाही. याआधी ऑपरेशन झाले असेल तर डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची टिपणेही काढून घ्या. जुनी नोंद शोधायला रुग्णालयाला वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी.

औषधांची यादी कंपनीच्या नावाने नको, मूळ औषधाच्या नावाने हवी. रक्त पातळ ठेवण्यासाठी आपल्याकडे सर्रास दिले जाणारे एसिनोकुमारॉल अमेरिकेत विकले जात नाही. तिथे वॉरफरिन देतात, आणि दोन्हींचे डोस सारखे नसतात. रक्त किती पातळ आहे हे सांगणारे आयएनआर तपासणीचे शेवटचे तीन-चार आकडे तारखेसह लिहून पाठवा.

नावाचा घोळ लहान वाटतो, पण महाग पडतो. लॅबच्या कागदावर नुसती आद्याक्षरे, आधारवर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे, असे असेल तर व्हिसाच्या खिडकीवर आणि बँकेत दोन्हीकडे अडते. यापुढची प्रत्येक तपासणी पासपोर्टवरच्याच स्पेलिंगने करून घ्या. सोलापुरात पोस्टाचे पासपोर्ट सेवा केंद्र आहे. रुग्णाबरोबर सोबत्याचाही अर्ज त्याच दिवशी भरा.

फाइल गेल्यावर रुग्णालयाच्या आंतरराष्ट्रीय रुग्ण विभागाकडून लेखी मत आणि खर्चाचा अंदाज मागवा. त्यात सर्जन, भूल, आयसीयूचे दिवस, झडप किंवा उपकरण, रक्त आणि पुन्हा दाखल व्हावे लागले तर काय, हे सगळे वेगळे विचारा. अमेरिकेत डॉक्टरांची फी बऱ्याचदा रुग्णालयाच्या बिलाबाहेर असते. पैसे फक्त रुग्णालयाच्या नावावरच्या खात्यात भरा, एजंटच्या खात्यात कधीही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात. उपचारासाठी अंदाजपत्रक दाखवून त्याहून जास्तही पाठवता येतात. बँकेच्या अर्जावर कारण 'वैद्यकीय उपचार' असेच लिहा, नाहीतर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, बराच जास्त कापला जातो. कापलेली रक्कम आयकर विवरणात वळती होते, म्हणून पावती जपा. महात्मा फुले जनआरोग्य योजना तिकडे चालत नाही, आणि साधा प्रवासविमा ठरवून केलेला उपचार भरत नाही.

अमेरिकेच्या व्हिसासाठी तीन कागद निर्णायक ठरतात: इथल्या डॉक्टरांचे निदानाचे पत्र, तिथल्या रुग्णालयाचे खर्च व मुदतीचे पत्र, आणि पैशांचा पुरावा. मुलाखतीसाठी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठता येते, पण बोटांच्या ठशांसाठी वेगळी तारीख असते, तेव्हा मुक्काम धरा. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचे असेल तर क्षयाची तपासणी लागते.

निघण्याआधी दातांची तपासणी सोलापुरातच करा. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसतात, म्हणून सर्जन दंतवैद्याचे पत्र मागतात. तिथे जाऊन दात काढायची वेळ आली तर ऑपरेशन पुढे जाते आणि राहण्याचा खर्च वाढतो.

विमानाच्या केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असते तशी विरळ असते. ज्याचा ऑक्सिजन बसल्याजागीच कमी आहे, त्याने विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा. ऑक्सिजनचे यंत्र न्यायचे तर बॅटरी प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतकी हवी. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. शेंगा चटणी न्यायची असेल तर कस्टमला जाहीर करा, आणि रुग्णासाठी तिच्यातले मीठ आधीच कमी करा.

दुभाषी मागताना नेमकी भाषा सांगा. सोलापुरातल्या अनेक घरांत आजी-आजोबांना तेलुगू किंवा कन्नडच मोकळेपणाने बोलता येते. छातीत नेमके काय होते हे त्यांना मराठी-हिंदीत सांगता येत नाही, आणि डॉक्टरांना तेच हवे असते.

परतताना ऑपरेशनची टिपणे, सर्व चित्रांची सीडी आणि झडपेचे वा पेसमेकरचे कार्ड हातात घेतल्याशिवाय निघू नका. पेसमेकर बसवण्याआधीच त्या कंपनीचे तपासणीयंत्र पुण्यात किंवा सोलापुरात आहे का, हे विचारलेले असावे. आयएनआर पहिल्या आठवड्यांत वरचेवर तपासावा लागतो, तेव्हा सोलापुरातल्या हृदयरोगतज्ज्ञाची वेळ परदेशातूनच घेऊन ठेवा.