गुले-बाबूना म्हणा, म्हणजे मिळतो

आमच्या परभणीत कॅमोमाइल, म्हणजे चहासारखी करून प्यायची सुकी फुलं, मागितली की दुकानदार नुसता तोंडाकडं बघतो. 'गुले-बाबूना' म्हणा, युनानी औषधं विकणारा लगेच पुडी बांधतो. नाकाशी धरून बघा. सफरचंदासारखा गोडसर वास आला तर घ्या, नुसता गवताचा आला तर माल जुना.

कपात चमचाभर सुकी फुलं, वर उकळतं पाणी, अन् लगेच बशी झाका. पाच-सात मिनिटं पुरे. फुलांचा वास ज्या तेलात असतो ते वाफेबरोबर उडून जातं, म्हणून ही बशी. उचलल्यावर तिच्या पोटाला घामासारखे थेंब दिसतात, ते कपातच झटका. पहिल्यांदा मी आपल्या चहासारखं खळखळ उकळलं, कडूजहर झालं. ह्यांनी गुपचूप तुळशीत ओतलं. दूध नको, मध चालतो.

रात्री झोपायच्या आधी घेते. झोप लागतेच असं नाही, पण जरा निवांत वाटतं.

गाळलेली फुलं कुंडीत टाका. सुकी उरली असतील तर मलमलच्या पुरचुंडीत बांधून साड्यांच्या कपाटात.

एक सांगायलाच हवं. गाजरगवतानं ज्यांना खाज, शिंका येतात त्यांनी जपून. बाबूना त्याच कुळातला. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा.

घरी लावायचा असेल तर दिवाळीनंतर. बी धुळीएवढं बारीक, मातीवर नुसतं भुरभुरा, गाडू नका. त्याला उजेड लागतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, निम्मी वाळू मिसळा.