फवारणीआधी पाय मोजा: पावसाळ्यातील किडींची ओळख

पहिल्या पावसानंतर कोवळे पीक वर आले की थोड्याच दिवसांत कुठे पाने कुरतडलेली दिसतात, कुठे शेंडे आकसतात, कुठे रोपच आडवे पडलेले सापडते. ‘कीड आली’ एवढे म्हणून पंप पाठीवर चढतो आणि घरात उरलेली बाटली टाकीत रिकामी होते. पण कीड म्हणजे पिकाची नासाडी करणारा कोणताही जीव. कीटक ही मात्र प्राण्यांची एक ठरावीक जमात आहे आणि कीटकनाशक तिच्यासाठी बनवलेले असते. शेतातल्या काही किडी कीटक नाहीत आणि बहुतेक कीटक कीड नाहीत. औषधाचा बराच खर्च याच घोळात वाया जातो.

ओळख सोपी आहे. पूर्ण वाढलेल्या कीटकाला सहा पाय असतात. शरीराचे डोके, छाती आणि पोट असे तीन भाग पडतात, डोक्यावर मिशांची एक जोडी असते आणि पाय-पंख छातीलाच जोडलेले असतात. हाडे आत नसतात, बाहेरचे कवच हाच सांगाडा. ते ताणले जात नाही म्हणून वाढताना कात टाकावी लागते. पानावर पांढुरक्या कातींचा चुरा दिसला की समजावे, मावा किंवा तुडतुडे इथे वाढत आहेत.

अळीचे पाय मोजताना गोंधळ होतो. पतंगाच्या अळीला पुढे खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात आणि मागे पोटाखाली मांसल, आखूड असे खोटे पाय असतात, जास्तीत जास्त पाच जोड्या. पोटाखाली सहा किंवा अधिक जोड्या दिसल्या तर ती पतंगाची अळी नाही. मोहरीवरची काळपट अळी अशीच असते. ती करवती माशीची आहे, त्यामुळे पतंगवर्गीय अळ्यांसाठीचे बीटी जिवाणूंचे औषध तिच्यावर चालत नाही.

कीटक नसलेल्या किडी

यात पहिला मान लाल कोळ्याचा. त्याला आठ पाय असतात. (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला मात्र सहाच, म्हणून एकाच पिल्लावर निकाल देऊ नका.) पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिली, ऊन तापले की पानांवर बारीक फिकट ठिपके येतात आणि खालच्या बाजूला तलम जाळी दिसते. नुसत्या डोळ्यांना तो लालसर धुळीसारखा वाटतो, म्हणून १० पट मोठे दाखवणारे भिंग खिशात ठेवा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे मारली तर कोळी बहुधा वाढतोच, कारण त्याला खाणारे शिकारी कोळी आणि कीटक आधी मरतात. इथे कोळीनाशक किंवा पाण्यात मिसळणारे गंधक वापरावे. गंधक कडक उन्हात मारू नये आणि वेलवर्गीय पिकांवर आधी चार वेलींवर मारून बघावे, काही वाणांची पाने त्याने करपतात.

गोगलगाय आणि वाणी यांचीही तीच कथा. गोगलगायीला पायच नाहीत, ती शंख-शिंपल्यांच्या कुळातली. वाणीच्या बहुतेक वळ्यांवर पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. दोन्ही रात्री आणि ढगाळ, ओल्या हवेत बाहेर पडतात आणि कोवळी रोपे जमिनीलगत कुरतडतात. दिवसा काडीकचरा, दगड, बांधावरचे गवत यांखाली दडून बसतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधाकडेने अंथरावीत आणि पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. हातमोजे घालायचेच, कारण तिच्यात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. चुन्याचा पट्टा कोरडा असेपर्यंत उपयोगी, एका सरीत तो निकामी होतो. त्यावर भिस्त ठेवू नका. मेटाल्डिहाईडच्या गोळ्या प्रभावी आहेत, पण कुत्री, जनावरे आणि कोंबड्यांना त्या विषारी आहेत. उघड्यावर ढीग करून ठेवू नका.

वाणीसारखीच दिसणारी, पण चपटी, चपळ आणि प्रत्येक वळ्याला पायांची एकच जोडी असलेली गोम ही शिकारी आहे. शेतातला कोष्टीही शिकारीच. दोघांना त्यांचे काम करू द्या.

तोंड कसे आहे ते बघा

कीटकांच्या जाती आजवर सुमारे १० लाख नोंदल्या गेल्या आहेत. त्यांची नावे पाठ करण्यापेक्षा शेतकऱ्याने दोन गोष्टी विचारल्या तरी काम भागते: हा खातो कसा आणि वाढतो कसा?

अळ्या, भुंगेरे, नाकतोडे, वाळवी हे चावून खाणारे. पानाला भोके पडतात, कडा कुरतडल्या जातात, खाली दाणेदार विष्ठा पडते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण हे सोंड खुपसून रस शोषणारे. पाने वळतात, पिवळी पडतात, चिकट होतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि ती पाहून अनेक जण बुरशीनाशक मारतात. बुरशी पानात शिरलेली नसते, नुसती चिकट्यावर जगते. मावा थांबला की ती थांबते. अशा झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर शेंडे उलटून बघा. त्या चिकट्यासाठी येतात आणि माव्याची राखणही करतात.

पानाच्या वरच्या बाजूला पडलेले पोटविष (पोटात गेल्यावरच मारणारे औषध) रसशोषकाच्या सोंडेच्या वाटेत येतच नाही. म्हणून तिथे रसात उतरणारे आंतरप्रवाही औषध लागते किंवा पानाच्या खालच्या बाजूला नीट पोहोचणारी फवारणी. बीटीसारखे जैविक औषध मात्र अळीने पानासकट खाल्ले तरच काम करते. पेरणीआधी बियाण्याला आंतरप्रवाही कीटकनाशक लावले असेल, तर पहिल्या काही आठवड्यांत रसशोषकांसाठी लगेच पंप काढायची घाई नको. आधी निरीक्षण करा.

वय ओळखा

पतंग, भुंगेरे, माशा आणि गांधीलमाश्या यांचा प्रवास अंडी, अळी, कोष, प्रौढ असा चार टप्प्यांचा. मावा, तुडतुडे, नाकतोडे यांना कोषच नाही. त्यांची पिल्ले लहानपणापासून आईबापांसारखी दिसतात आणि तेच अन्न खातात. पहिल्या गटात नुकसान बहुतेक अळीच करते, तेव्हा उडणाऱ्या पतंगावर औषध मारण्यात अर्थ नाही. अळीही लहान असतानाच सापडली पाहिजे. मक्यावरची लष्करी अळी पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) खोल शिरून विष्ठेचा बोळा करून बसली की वरून मारलेले औषध तिला गाठत नाही. तिची खूण म्हणजे डोक्यावर उलटे इंग्रजी ‘वाय’ आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके. पण या खुणा ठळक दिसेपर्यंत अळी मोठी झालेली असते. त्याआधीच पानांवर कागदासारखे पांढरट, खरवडलेले पट्टे दिसतात. ते दिसले की पोंग्यात पडेल अशी फवारणी करा.

फुलकिडे या बाबतीत फार त्रासाचे. त्यांची अंडी पानाच्या आत आणि कोषासारखी अवस्था बहुतेक वेळा मातीत असते, दोन्ही ठिकाणी फवारा पोहोचत नाही. चार दिवसांनी पुन्हा फुलकिडे दिसतात आणि औषध बनावट निघाले असे वाटते. प्रत्यक्षात ती नवी पिढी असते. तेच औषध लागोपाठ तिसऱ्यांदा मारले तर मात्र ते खरोखरच निकामी होऊ लागते. दुसऱ्या फवारणीत औषधाचा गट बदला. बाटलीचे नाव बदलून आत तेच औषध घेऊ नका.

नावावर जाऊ नका हेही इथेच सांगतो. पांढरी माशी ही माशी नाही. खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते. पांढऱ्या माशीला चार पंख, तिचे कूळ माव्याचे. फळमाशी मात्र खरी माशी आहे, तिच्या अळ्या फळाच्या आत वाढतात. त्यामुळे किडकी, गळालेली फळे गोळा करून खोल पुरली नाहीत तर वरच्या फवारणीचा फारसा उपयोग होत नाही.

सध्या सर्वांत निकडीचे: हुमणी

भुंगेऱ्यांचे कूळ कीटकांत सर्वांत मोठे, सुमारे ४ लाख जातींचे. त्यातले हुमणीचे भुंगेरे पहिल्या चांगल्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमून पाला खातात, मिलन होते आणि उजाडण्याआधी पुन्हा मातीत जातात. मादी मातीतच अंडी घालते. पुढे पांढरी, अर्धगोल वळलेली अळी मुळे खाते आणि हिरवे पीक उन्हात मान टाकते. तेव्हा धावपळ करून फार काही हाती लागत नाही. अळी मुळांशी असते आणि औषध तिथवर उतरत नाही.

म्हणून संधी आताची आहे. अंधार पडल्यावर या झाडांच्या फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. प्रकाश सापळा पहिल्या दोन-तीन तासांपुरताच लावा, रात्रभर ठेवला तर उपयोगी कीटकही त्यात मरतात. एकट्याने केले तर शेजारच्या झाडावरून भुंगेरे येणारच, त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांनी मिळून सलग काही संध्याकाळी हे करावे. शेणखत पूर्ण कुजलेलेच टाका. जमिनीत ओल असताना कुजलेल्या खतात मिसळून मेटारायझियम ही बुरशी दिली तर पुढच्या अळ्यांना आळा बसतो. तिचा परिणाम सावकाश दिसतो.

हे मारू नका

ढालकिडा सगळ्यांना ठाऊक, पण त्याची अळी ओळखीची नसते. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, चिमुकल्या मगरीसारखी ती अळी माव्याच्या वसाहतीत फिरताना दिसली की घाबरून लोक तिलाच मारतात. पानावर केसासारख्या बारीक देठांवर उभी अंडी दिसली तर ती क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकिडीची. माव्यात काही दाणे फुगलेले, तपकिरी, कडक दिसले तर त्यांच्या पोटात चिमुकल्या गांधीलमाशीची अळी वाढते आहे. असे दाणे बरेच असतील तर तीन-चार दिवस थांबून पुन्हा मोजा. ट्रायकोकार्ड (किडींची अंडी नष्ट करणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाशीचे कार्ड) लावले असेल तर त्या दिवसांत रासायनिक फवारणी नको. फुलोऱ्यात फवारावेच लागले तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी.

निरीक्षणासाठी आठवड्यातून एकदा, सकाळी, शेतात नागमोडी चालत २० ते २५ झाडे बघा आणि पाने उलटून बघा. पांढरी माशी व माव्यासाठी पिवळे, फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाचे आमिष (ल्यूर) असते, त्यात फक्त नर पतंग येतात आणि प्रत्येक जातीची ल्यूर वेगळी. दोन-चार सापळ्यांनी कीड आटोक्यात येत नाही, ती किती आहे हे कळते. कपाशीवर गुलाबी बोंडअळीचे सलग ३ रात्री प्रति सापळा दर रात्री ८ पतंग आले तर फवारणीचा निर्णय घ्यावा. लवकर दिसलेल्या थोड्या किडीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क (१०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळी) पुरेसा ठरतो, तो ताजा आणि संध्याकाळी वापरावा.

कीड ओळखू येत नसेल तर झाकणाच्या बाटलीत चार-पाच जिवंत नमुने, सोबत खाल्लेले पान, असे घेऊन जाणकाराकडे जा. चुरगळलेली अळी किंवा लांबून काढलेला फोटो पाहून कोणी औषधाचे नाव सांगितले, तर ते विकत घेऊ नका.