विदर्भातल्या मे महिन्यात कॅम्पर व्हॅन थंड कशी ठेवावी

ताडोबात वाघ दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते तो काळ आणि चंद्रपूर जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो तो काळ एकच आहे. जंगलातले पाणी आटते, उरलेल्या पाणवठ्यांवर जनावरे येऊ लागतात आणि त्यांच्यामागोमाग पुण्या-मुंबईहून आपणही निघतो. पहाटेची सफारी सुसह्य असते, दुपारच्या सफारीत निदान वारा लागतो. पण दोन्हींच्या मधले चार-पाच तास पत्र्याच्या गाडीत काढणे हे खरे काम आहे. ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेल्या, आत राहता-झोपता येणाऱ्या आमच्या व्हॅनमध्ये असे काही उन्हाळे काढल्यावर जे जमले आणि जे फसले ते येथे सांगतो.

नवी व्हॅन बांधून घेणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो किती टनाचा एसी बसवावा हा. त्याआधी एक साधा हिशेब करून पाहावा. अशा व्हॅनचे टप साधारण १० चौरस मीटरचे असते आणि भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट इतकी उष्णता उन्हातून पडते, म्हणजे एकूण १० किलोवॅट. एक टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला तरी साडेतीन किलोवॅट उष्णताच बाहेर टाकतो. पडणारी सगळी उष्णता आत येत नाही हे खरे, पण किती येते हे टपाचा रंग आणि आतले अस्तर ठरवते. ते न पाहता एसी वाढवत जाणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरत बसणे आहे. म्हणून ऊन पत्र्यापर्यंत पोहोचू न देणे, पोहोचलेली उष्णता आत शिरू न देणे, शिरलेली बाहेर काढणे आणि मगच हवा गार करणे, हा क्रम सोडू नये.

टपाचा रंग पांढराच असावा. गडद रंग पडलेल्या उन्हापैकी ९० टक्क्यांच्या आसपास शोषून घेतो, तर स्वच्छ पांढरा रंग साधारण पाव हिस्सा. यातला ‘स्वच्छ’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण समृद्धी महामार्गाने दिवसभर धूळ खात आलेले टप दुसऱ्या दिवशी मातकट झालेले असते. मुक्कामावर पोहोचल्यावर शिडी लावून ते ओल्या फडक्याने पुसून घेणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

अस्तराच्या बाबतीत आम्ही चांगलेच पोळलो. व्हॅन बांधणाऱ्याने टपाखाली ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरले आणि वर प्लायवूड ठोकून काम सुंदर दिसेल असे केले, परंतु टपाला आतून आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या तशाच उघड्या ठेवून त्यांच्यावरच प्लायवूड स्क्रूने आवळले. पहिल्याच मे महिन्यात दुपारी दोन वाजता बिछान्यावर पडल्या पडल्या छताला तळहात लावला आणि पुढून मागे फिरवत नेला, तेव्हा कोमट, कोमट, मग एकदम चटका, पुन्हा कोमट, असे दीड-दीड फुटावर पट्टे हाताला लागले. लोखंड उष्णता सरळ आत आणून सोडत होते. पुढच्या हिवाळ्यात छत उतरवून प्रत्येक पट्टीवर उष्णता अडवणाऱ्या नायट्राइल रबराची पट्टी चिकटवावी लागली आणि स्क्रू लोखंडापर्यंत पोहोचणार नाहीत अशा बेताने लाकडी पट्ट्यांवर घ्यावे लागले. ज्यांची व्हॅन अजून बांधायची आहे त्यांनी हे काम डोळ्यांसमोर करून घ्यावे, कारण छत लागल्यावर चूक दिसत नाही. चंदेरी फॉइलचा थर लावायचा असेल तर त्याच्यासमोर निदान पाऊण इंच पोकळी हवी. पत्रा आणि प्लायवूड यांच्यामध्ये घट्ट दाबलेली फॉइल जवळजवळ निरुपयोगी असते.

व्हॅन कोठे आणि कशी उभी करावी यावर आतले तापमान फार अवलंबून असते, आणि यात एक पैसाही खर्च होत नाही. जंगलाजवळ आहोत म्हणजे सावली मिळेलच असे समजू नये. ताडोबाचे जंगल मुख्यतः सागाचे आहे आणि मेमध्ये सागाला पान नसते, त्यामुळे खराट्यांच्या रानात उभे राहिल्यासारखी गत होते. रिसॉर्टच्या किंवा गावाच्या आवारात कडुनिंब, आंबा, जांभूळ, करंज यांपैकी एखादे झाड पाहावे; करंज तर ऐन उन्हाळ्यात नव्या पालवीने दाट झालेला असतो. सकाळी नऊ वाजता जेथे सावली दिसते तेथे दोन वाजता ऊन असणार, हे ध्यानात घेऊन झाडाच्या पूर्वेच्या अंगाला गाडी लावावी, म्हणजे दुपार कलल्यावर सावली गाडीवर येते. मेच्या अखेरीस वळवाचा पाऊस वादळासह येतो, तेव्हा जुन्या, वाळक्या फांद्यांच्या खाली मात्र थांबू नये. डांबर आणि फरशीपेक्षा माती बरी. संध्याकाळी भोवती पाण्याचा सडा मारला तर खालून येणारी धग लगेच कमी होते.

गाडीचे तोंड कोणत्या दिशेला हवे, याविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे. दक्षिणेची बाजू उन्हाची, असे आपण वर्षभराच्या अनुभवावरून धरून चालतो. प्रत्यक्षात २० मेच्या सुमारास चंद्रपूरच्या आकाशात सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैपर्यंत तो दिवसभर किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे मेच्या उत्तरार्धात सावलीची बाजू दक्षिणेची. गाडीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळचे आणि संध्याकाळचे तिरपे ऊन थेट पडते ते अरुंद टोकांवर, उत्तरेच्या लांब बाजूला ते घासून जाते. आपल्याकडे व्हॅनचा दरवाजा डाव्या अंगाला असतो, तेव्हा नाक पश्चिमेला केले की दरवाजा आणि त्यावरचे छत दक्षिणेला, सावलीत येतात. मात्र पुढची मोठी काच पश्चिमेच्या उन्हात जाते. काचेवर बाहेरून घालायचे आवरण असेल तर नाक पश्चिमेलाच ठेवावे, नसेल तर पूर्वेला.

‘बाहेरून’ या शब्दावर मुद्दाम भर देत आहे. काचेच्या आत पडदा लावला की ऊन काच ओलांडून आत येते, पडदा तापतो आणि त्याची धग गाडीतच राहते. चंदेरी कापडाचे आवरण शिंप्याकडून मापाने शिवून घ्यावे, आरशांना अडकवावे आणि दोन्ही टोके दारात दाबून घ्यावीत. काचांवर काळी फिल्म लावण्याचा मार्ग सुचवला जातो, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तिच्यावर बंदी घातली. उभ्या गाडीला काढता येणारे आवरणच पुरेसे आहे.

झाड मिळाले नाही तर शेतकऱ्यांच्या उपयोगाची शेडनेट हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय आहे. कोणत्याही कृषी केंद्रात ती ५०, ७५, ९० टक्के अशी मिळते. ७५ टक्क्यांची घ्यावी. ती टपावर नुसती पसरू नये, कारण मग तापलेली जाळी पत्र्याला चिकटून बसते. टपावरच्या कॅरियरला बांबू किंवा पीव्हीसी पाइप बांधून अर्धा फूट उंचीवर ती ताणावी आणि उत्तरेच्या अंगाला खाली सोडावी. जाळी आणि पत्रा यांच्यामधून वारा वाहिला पाहिजे. टपावर सोलर पॅनल असतील तर तेही थोडे वर उचलून बसवलेले असावेत, म्हणजे वीज आणि सावली दोन्ही मिळतात. पण पॅनल स्वतः झाडाच्या किंवा जाळीच्या सावलीत गेले तर वीज नाही. आम्ही घडीचे एक पॅनल दहा मीटर वायरीसह वेगळे ठेवतो, गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात.

आत तयार होणारी उष्णताही मोजावी. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे चार जणांचे कुटुंब हा एक छोटा हीटरच असतो. त्यात दुपारी इंडक्शनवर भात लावला तर तक्रार कोणाकडे करणार? स्वयंपाक पहाटे किंवा बाहेर, झाडाखाली. ट्रॅव्हलर थांबल्यावर इंजिनाची धग तासभर केबिनमध्ये येत राहते, त्यासाठी केबिन आणि मागची खोली यांच्यामध्ये जाड गोधडीसारखा पडदा हवा.

फ्रिजच्या मागची जाळी मोकळी ठेवावी. प्यायच्या पाण्यासाठी मात्र मातीचा माठ फ्रिजहून अधिक भरवशाचा आहे, कारण कोरड्या हवेत तो विजेवाचून पाणी गार करतो. गाडी हलताना तो रिकामा करून गादीत गुंडाळून ठेवावा लागतो इतकेच.

आता कूलर. मे महिन्यातल्या दुपारी विदर्भात हवेतील आर्द्रता १५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि येथेच कूलर एसीला भारी पडतो. ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत गार होऊ शकते. चांगल्या ताट्यांचा (पाण्याने भिजत राहणाऱ्या पडद्यांचा) कूलर यातले तीन चतुर्थांश अंतर कापतो, म्हणजे साधारण २८ अंशांची हवा अंगावर येते, आणि त्यासाठी वीज लागते ती शे-दीडशे वॅट. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट (किलोवॅट-तास) इतकी उष्णता शोषली जाते, तेव्हा ताशी तीन लिटर पाणी पिणारा छोटा कूलर दोन किलोवॅट गारवा देतो. कूलरच्या टाकीत बर्फ टाकण्याची पद्धत आहे. पण एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो त्याच्या सातपट उष्णता तेवढेच पाणी वाफ होताना घेते, म्हणून बर्फ सरबतात घालावा हे उत्तम.

पुण्याकडची मंडळी कूलर लावून एसीच्या सवयीने सगळ्या खिडक्या बंद करतात. मग अर्ध्या तासात आतली हवा दमट होते, अंथरूण चिकट लागते आणि कूलरला नावे ठेवली जातात. कूलर सावलीच्या बाजूने बाहेरची कोरडी हवा घेईल असा ठेवावा, समोरच्या टोकाची एक खिडकी चार बोटे उघडी ठेवावी आणि टपावरचा १२ व्होल्टचा पंखा हवा बाहेर फेकण्याच्या दिशेने लावावा. कूलरपाशी दुसरी खिडकी उघडी नको, नाही तर हवा जवळच्या वाटेने निघून जाते. पाच तासांना १५-२० लिटर पाणी लागते हे धरून टाकी भरावी, आणि रोज रात्री कूलर पूर्ण रिकामा करावा, कारण साचलेल्या पाण्यात डास होतात. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर जरूर घ्याव्यात; त्या लवकर खराब होतात, पण दुपारी डोळे मिटल्यावर येणारा तो वास कागदी जाळीचे हनीकॉम्ब पॅड देत नाही.

हाच कूलर घेऊन कोकणात उतरलात तर मात्र पस्तावाल. ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना कूलर फार तर ३० अंशांची ओली हवा देतो. तेथे दुपारी समुद्रावरून येणारा वारा व्हॅनच्या लांब बाजूवर आडवा घ्यावा, समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात आणि रात्री झोपताना, परवडत असेल तर, एसी लावावा, कारण हवेतले पाणी काढणारे दुसरे यंत्र आपल्याकडे नाही. सावली म्हणून नारळाखाली गाडी लावू नये. वरून पडलेला एक नारळ टपाचे सगळे काम वाया घालवतो.

एसीचा हिशेब विजेपाशी अडतो. २०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी ७०० वॅट घेतो असे धरले तर ती तीन तासांत संपते, आणि ४०० वॅटचे पॅनल दिवसभरात दीड-दोन युनिटच परत देतात. म्हणून एसी रिसॉर्टच्या १६ अँपिअरच्या प्लगवरच चालवावा, त्यासाठी जाड तांब्याची वायर न्यावी आणि ती पूर्ण उलगडून टाकावी, कारण गुंडाळलेली वायर तापून वितळू शकते. गावात संध्याकाळी व्होल्टेज उतरते. ते १९० च्या खाली गेल्यास कॉम्प्रेसर बंद ठेवावा. एसी दुपारी दोन वाजता घाबऱ्या घाबऱ्या लावण्यापेक्षा सकाळी दहालाच लावावा, कारण एकदा गाद्या, लाकूड आणि भांडी तापली की हवा गार होऊनही गाडी गार होत नाही.

विजेची सोय नाही म्हणून इंजिन चालू ठेवून गाडीच्या एसीत झोपणे मात्र कटाक्षाने टाळावे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. जनरेटर वापरायचाच असेल तर २० फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवावा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवावा.

रात्री नऊनंतर बाहेरची हवा आतल्या हवेहून गार झाली की सर्व खिडक्या जाळ्या लावून उघडाव्यात, टपावरचा पंखा पूर्ण वेगाने बाहेर फेकत ठेवावा आणि कपाटांची दारेसुद्धा उघडी टाकावीत. पहाटे पाचला सफारीसाठी उठल्यावर निघण्यापूर्वी सगळे पुन्हा बंद करून काचांवर आवरणे चढवावीत, म्हणजे रात्रीचा गारवा दहा-अकरापर्यंत आत टिकतो. डिओडरंटचे डबे, लायटर आणि पॉवर बँक डॅशबोर्डवर राहिले नाहीत ना, हे त्याच वेळी पाहावे. लहान मूल किंवा कुत्रा ‘पाच मिनिटांसाठी’ म्हणून बंद गाडीत ठेवू नये. त्या वेळी सफारीची पाळी कोणी तरी एकाने सोडावी.