चिनी व्याकरण शिकायला बसण्याआधी

व्याकरणाला हात घालण्याआधी उच्चार तपासून घ्या. चीनने १९५८ साली स्वीकारलेली पिनयिन ही रोमन लेखनपद्धत आपल्याला चकवते. तिच्यातला बी म्हणजे आपला प, डी म्हणजे त, टी म्हणजे थ, आणि झेड म्हणजे जवळपास ‘चूल’मधला च. त-थ, क-ख लहानपणापासून वेगळे म्हणणाऱ्यांना हे सोपं जातं, म्हणून वहीत उच्चार देवनागरीतच लिहा. चार सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, मात्र घोकावेच लागतात, त्याला इलाज नाही.

मग वाक्यरचना. क्रियापद कर्माच्या आधी येतं. वेळ आणि ठिकाण त्याच्याही आधी. लिंग, वचन, पुरुष यांनुसार क्रियापद बदलत नाही, यावर फार खूश होऊ नका, कसर पुढे भरून निघते. ‘एक पुस्तक’ म्हणायला मध्ये ‘पन’ लागतो: ई पन शू. टेबलाला, तिकिटाला ‘चांग’. नाम पाठ करताना त्याचा हा मापशब्द सोबतच पाठ करा. नकारही दोन आहेत: ‘पू छ्यू’ म्हणजे जात नाही, ‘मेइ छ्यू’ म्हणजे गेलो नाही.

खरा वेळ राखून ठेवा तो ‘ल’ या छोट्याशा शब्दासाठी. इंग्रजी पुस्तकं बरेचदा याची ओळख भूतकाळाशी जोडून करून देतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. आपण दारात चप्पल घालता घालता ‘निघालो!’ म्हणतो, अजून घरातच असतो. चिनी माणूसही तसाच ‘वो त्सौ ल’ म्हणतो. पहिले थेंब पडले की आपलं ‘पाऊस आला’, त्यांचं ‘श्या यू ल’. परिस्थिती बदलली, एवढंच तो ‘ल’ सांगतो. काम पुरं झाल्याचं दाखवणारा, क्रियापदाला चिकटणारा ‘ल’ नंतर घ्या. ‘निघालो’, ‘पाऊस आला’ अशी मराठी वाक्यं शोधून पानभर लिहून ठेवा.

मधल्या टप्प्यात मराठी आणखी उपयोगी पडते. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ याचा क्रम चिनीत जसाच्या तसा: वो त्स्वोथ्येन माय द शू. ‘पा’ हा शब्द घालून केलेली रचना कर्म उचलून क्रियापदाआधी आणते, म्हणजे आपल्या ओळखीच्या जागी. ‘वो पा शू खान वान ल’, मी पुस्तक वाचून संपवलं. फक्त ‘पा’नंतर नुसतं क्रियापद सहसा चालत नाही; त्या क्रियेतून काय झालं तेही सांगावं लागतं.

परीक्षा द्यायची असेल तर २०१० च्या सहा पातळ्यांच्या एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेत पहिलीला १५० शब्द होते, चौथीला १२००, सहावीला ५०००. २०२१ च्या मानकात पातळ्या नऊ झाल्या, तेव्हा जुन्या शब्दयाद्या घेताना साल बघा.

वरच्या पातळीला वाक्यं जोडणारे शब्द येतात. जर-तरसारखी जोडी असते, पण ‘तर’ला म्हणजे ‘च्यौ’ला कर्त्याच्या मागे उभं राहावं लागतं: ‘रुक्वो श्या यू, वो च्यौ पू छ्यू’. पाऊस आला तर मी जाणार नाही.