मुलांचा मायनस नंबर वाढतोय? निदान या चुका तरी टाळा

चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत बसून नंबर काढणं हे माझं काम. शाळा सुरू व्हायच्या तोंडावर गर्दी असते आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "नंबर जाईल ना?" नाही जाणार. मायनस नंबर, म्हणजे लांबचं धूसर दिसणं, बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांब झाल्यामुळे येतो, आणि लांब झालेला गोळा गाजरं खाऊन किंवा त्राटक करून आखूड होत नाही. वाढायचा वेग कमी करणं तेवढं आपल्या हातात आहे.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे थेंब न टाकता लहान मुलाचा पहिला नंबर काढून घेणं. "कॉम्प्युटरवर बघा ना, पाच मिनिटांत होतं." होतं हो, पण मुलांच्या डोळ्यातला जवळचं फोकस करणारा स्नायू इतका जोरकस असतो की मशीनमध्ये डोकावलं की तो आपोआप आवळतो आणि खोटा मायनस दाखवतो. म्हणून आधी थेंब टाकून तो सैल करायचा, मग मोजायचं. एकदा शनिवारी संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला चौथीतल्या मुलाला घेऊन एक जोडपं आलं, मशीनवर मायनस पावणेदोन (1.75) दिसत होता, मी म्हटलं आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन थेंब टाकून या, तर बाबा चिडले, "चष्माच करायचाय, ऑपरेशन नाही." तरातरा गेले आणि दुसरीकडून पावणेदोनचा चष्मा करून घेतला. महिन्याभरात परत! पोरगं रोज शाळेतून डोकं धरून येतंय, वाचताना चष्मा काढून ठेवतंय. शेवटी डॉक्टरांनी थेंब टाकून तपासलं, खरा नंबर निघाला मायनस 0.50. थेंबांमुळे जवळचं धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो, म्हणून मी सगळ्यांना शुक्रवारी शाळा सुटल्यावरच जायला सांगतो, रविवार हाताशी राहतो.

दुसरी लाडकी चूक, "थोडा कमीच नंबर द्या, डोळ्याला सवय नको लागायला." हे बहुतेक आजीकडून आलेलं असतं आणि आजीपुढे कोण बोलणार! 2002 साली मलेशियात एक अभ्यास झाला, त्यात काही मुलांना मुद्दाम 0.75 ने कमी नंबर दिला, तर त्यांचाच नंबर पूर्ण नंबरवाल्यांपेक्षा जास्त वाढला. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. वाढत्या वयात तो वाढतोच, दोष मात्र चष्म्यावर येतो आणि मग चष्मा दप्तरातल्या डब्यात आणि मूल पहिल्या बाकावर.

हल्ली 0.01 टक्क्याचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब रोज रात्री टाकायला देतात, ते नंबर वाढायचा वेग कमी करायला. बाटली घेताना आकडा वाचा. 1 टक्क्याचंही अ‍ॅट्रोपिन मिळतं, ते शंभरपट कडक. आणि आठ दिवसांत "फरक नाही" म्हणून परस्पर बंद करू नका, फरक वर्षाच्या हिशोबात कळतो.

नंबर वाढायचा वेग कमी करणाऱ्या स्पेशल काचा येतात, महाग असतात. हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत अशा एका काचेने वेग साधारण निम्म्यावर आला होता, पण दिवसभर लावल्या तर. फक्त शाळेपुरत्या लावणार असाल तर पैसे वाचवा.

ब्लू कट, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेने नंबर वाढायचा थांबत नाही. विकणारा मीच आहे, तरी सांगतो.

नाकावरून घसरणारी फ्रेम म्हणजे मूल काचेच्या वरून बघतंय. "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून मोठी फ्रेम घेऊ नका, ते स्वेटरचं लॉजिक आहे.

बाहेर खेळणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि तोच कुणाला नको असतो. तैवानने 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रमच सुरू केला. आपल्याकडे पाचवीची स्कॉलरशिप, मग क्लास, मग क्लासचा होमवर्क. दिवसा उघड्यावर असणं महत्त्वाचं, झाडाखाली बसलं तरी चालतं, मोबाइल मात्र घरी. नंबर लागायच्या आधी याचा फायदा जास्त, म्हणून मोठ्याला चष्मा लागला असेल तर धाकट्याला आजपासूनच खाली पिटाळा.

लेसरने चष्मा जातो, पण गोळा लांबच राहतो, सहाच्या वर नंबर गेला की डोळ्याच्या आतल्या पडद्याला (रेटिनाला) इजा व्हायची जोखीम वाढते ती लेसरनंतरही तशीच. त्यामुळे "अठराव्या वर्षी लेसर करू" म्हणून आत्ता निवांत बसू नका.

आणि दर सहा महिन्यांनी तपासायला येताना जुना चष्मा आणि जुना कागद दोन्ही आणा. नंबर किती वाढला हे त्यावरूनच कळतं, "मायनस काहीतरी होता, निळ्या फाइलमध्ये आहे" यावरून नाही.