परगावाहून उपचारांसाठी आलेल्या रुग्णांना मदत कशी करावी

परळला टाटा स्मारक रुग्णालय आणि के.ई.एम. रुग्णालय एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्या आसपासच्या पदपथांवर प्लॅस्टिकच्या चादरीवर बसलेली, उशाला फायलींची पिशवी घेतलेली कुटुंबे वर्षाच्या कोणत्याही दिवशी दिसतात. पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या आवारात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाबाहेरही हेच चित्र आढळते. या लोकांसाठी काहीतरी करावे असे पाहणाऱ्या अनेकांना वाटते, आणि बहुतेक जण बिस्किटांच्या पुड्यांपासून सुरुवात करतात. माझीही सुरुवात तशीच झाली होती. पुडा हातात घेऊन हिंगोलीकडच्या एका बाईंनी मला विचारले, ‘‘ताई, ही चिठ्ठी कोणत्या खिडकीवर द्यायची हो? तीन दिवस झाले फिरायलोत.’’ त्यांच्याजवळ आधीच सात पुडे होते. पुढील मार्गदर्शन त्या प्रश्नापासून सुरू होते.

पहिली पायरी : एक रुग्णालय आणि एक वार ठरवावा

आपल्या घरापासून सहज जाता येईल असे एकच मोठे रुग्णालय निवडावे आणि आठवड्यातील एक ठरावीक वार त्यासाठी राखून ठेवावा. शक्य असल्यास तो रविवार नसावा. रविवारी मदतनिसांची गर्दी असते, पण ओपीडी, दाखल्यांच्या खिडक्या आणि बहुतेक कार्यालये बंद असल्यामुळे रुग्णाची अडलेली कामे त्या दिवशी पुढे सरकत नाहीत. नोकरी करणाऱ्यांनी महिन्यातून एक रजा सोमवारी किंवा मंगळवारी घेतली, तर ती महिन्यातील चार रविवारांपेक्षा अधिक उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे.

पहिल्या दोन-तीन खेपांना कसलेही वाटप करू नये. केसपेपर कोठे निघतो, रक्ततपासणीचे नमुने किती वाजेपर्यंत घेतात, एक्स-रेचे पैसे भरण्याची खिडकी आणि एक्स-रे काढण्याची खोली यांत किती मजले आहेत, जेनेरिक औषधांचे दुकान कोठे आहे, हे स्वतः चालून पाहावे आणि वहीत टिपून ठेवावे. वॉर्डातील मावशी आणि मामा यांना या वाटा तोंडपाठ असतात. त्यांच्याशी ओळख करून घ्यावी.

दुसरी पायरी : समाजसेवा विभागाला भेटावे

शासकीय व महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, तसेच धर्मादाय रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. शासकीय पदनाम ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ असे आहे. कोणत्या रुग्णाला खरोखर कशाची गरज आहे, कोणाचे अर्ज अडले आहेत आणि कोणाला यापूर्वीच मदत मिळाली आहे, याची माहिती त्यांच्याजवळ असते. आपले नाव, ओळखपत्राची प्रत आणि आपण देऊ शकणारा वेळ लिहून त्यांच्याकडे द्यावा आणि त्यांच्या संमतीनेच काम करावे. परस्पर वॉर्डात शिरून चौकशी करणारी व्यक्ती कितीही सद्हेतूची असली तरी रुग्णालयाला दलालासारखी वाटू शकते, आणि असे दलाल रुग्णालयांभोवती असतात हे लक्षात घेता ती शंका अवास्तव म्हणता येणार नाही.

तिसरी पायरी : हक्काची मदत आधी मिळवून द्यावी

स्वतःच्या किंवा इतरांच्या खिशातून पैसे काढण्याआधी रुग्णाला कायद्याने व योजनेने काय मिळू शकते हे पाहावे. या पायरीला सर्वांत अधिक वेळ द्यावा लागतो, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण ओलांडून जातात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही राज्य शासनाची विनामूल्य उपचारांची योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता तिचे संरक्षण प्रत्येक कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवलेले आहे आणि ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली आहे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. रुग्णाच्या नातेवाइकांना शिधापत्रिका व आधारकार्डासह त्याच्यापर्यंत नेऊन पोहोचवणे एवढेही काम पहिल्या दिवशी पुरेसे असते. मात्र योजनेत ठरावीक उपचारच बसतात आणि पूर्वमंजुरी लागते. म्हणून आपला आजार यादीत आहे का आणि मंजुरी आली का, हे नातेवाइकांनी शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वीच विचारावे, असे त्यांना समजावून सांगावे.

रुग्ण खासगी पण धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयात असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यातील कलम ४१ कक उपयोगी पडते. या कलमाखालील योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी रुग्णांच्या देयकांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ म्हणून वेगळी काढायची असते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असल्यास रुग्ण निर्धन गटात आणि ३ लाख ६० हजार रुपयांपर्यंत असल्यास दुर्बल गटात मोडतो. पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवता येते. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णाकडून अनामत न मागता त्याला दाखल करून घेऊन जीव वाचवण्यापुरते उपचार करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. खाट शिल्लक नाही असे तोंडी सांगितले गेले, तर वाद न घालता लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातील कार्यालयाशी संपर्क साधावा. वरच्या आवाजापेक्षा पोच घेतलेला कागद अधिक काम करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. गावाकडे मागे राहिलेल्या नातेवाइकाला फोन करून दाखला काढायला लावणे आणि तो मोबाइलवर मागवून त्याची छापील प्रत काढून देणे, ही सेवा दिसायला क्षुल्लक असली तरी तिच्यावाचून अर्ज पुढे जात नाही.

कर्करोगाच्या रुग्णांना रेल्वेची सवलतही मिळते. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या रुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण, तर त्याच वर्गांत सोबत्याला ७५ टक्के सूट असते. रुग्णालयाकडून विहित नमुन्यातील प्रमाणपत्र भरून घ्यावे लागते. ते डॉक्टरांच्या भेटीच्या दिवशीच घ्यावे, म्हणजे त्या एका सहीसाठी पुन्हा फेरी पडत नाही.

चौथी पायरी : पैसे द्यावेत, पण ज्याचे त्याला

योजना आणि सवलती वापरूनही खर्चाचा काही भाग उरतोच. एखाद्या विशिष्ट रुग्णासाठी पैसे द्यायचे असतील, तर रोख रक्कम हातात देण्याऐवजी ती रुग्णालयातच रुग्णाच्या केस क्रमांकावर जमा करता येते का, हे समाजसेवा विभागाला विचारावे. अनेक रुग्णालयांत ही सोय असते आणि तिची पावती मिळते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या आवाहनांच्या बाबतीत तर हा नियम काटेकोरपणे पाळावा. फोटो खरा, आजार खरा आणि खाते क्रमांक मात्र तिसऱ्याच माणसाचा, असे प्रकार घडतात. आवाहन जुने असल्यास रुग्ण बरा होऊन घरी गेलेला असतो, किंवा या जगात नसतो, आणि संदेश मात्र फिरत राहतो. रुग्णालयाने लेटरहेडवर दिलेला खर्चाचा अंदाज पाहावा आणि रुग्ण तेथे दाखल असल्याची खात्री समाजसेवा विभागाकडून करून घ्यावी.

एखाद्या संस्थेला नियमित देणगी द्यायची असेल, तर तिचा धर्मादाय कार्यालयातील नोंदणी क्रमांक विचारावा; तो बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ या अक्षराने सुरू होतो. मागील वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब मागण्यात संकोच बाळगू नये. चांगली संस्था ते आनंदाने दाखवते, आणि टाळाटाळ झाली तर आपले उत्तर आपल्याला मिळालेले असते. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ या संकेतस्थळावर संस्थेची नोंद आहे का, हेही पाहता येते, परंतु ती नोंद म्हणजे चांगल्या कामाची हमी नव्हे.

करसवलतीविषयी गैरसमज फार आहेत. जिला सर्वजण ‘८०जी’ म्हणून ओळखतात ती सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ती मिळत नाही. धान्य, कपडे, औषधे अशा वस्तूंवर मिळत नाही. आणि एखाद्या रुग्णाला थेट दिलेल्या पैशांवरही मिळत नाही. परदेशस्थ मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय पारपत्र असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी, त्याच्याजवळ ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड असले तरी, परकीय ठरते आणि ती २०१० च्या परकीय अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी झालेल्या संस्थेलाच देता येते.

पाचवी पायरी : रक्त आणि प्लेटलेट

नेत्यांच्या वाढदिवशी होणाऱ्या शिबिरांत एका दिवसात शेकडो पिशव्या जमतात, आणि मे महिन्यात, महाविद्यालये बंद व शहरे रिकामी असताना, रक्तपेढ्यांची ओढाताण होते. म्हणून शिबिराची वाट न पाहता रक्तपेढीत स्वतः जाऊन, शक्यतो उन्हाळ्यात व दिवाळीच्या सुटीत रक्त द्यावे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे, पुरुषांनी दोन रक्तदानांत ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे.

कर्करोग रुग्णालयांत त्याहून अधिक निकड प्लेटलेटची असते. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. यंत्राद्वारे प्लेटलेट देण्यास तास-दीड तास लागतो, पण लाल पेशी शरीरात परत जात असल्यामुळे दात्याला ४८ तासांनंतर पुन्हा देता येतात. आठवड्यातून दोनदा आणि वर्षातून २४ वेळा ही त्याची मर्यादा आहे. आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहणाऱ्या आणि बोलावल्यावर येतील अशा दहा-बारा जणांची यादी तयार करून रक्तपेढीला द्यावी. अशी यादी बिहारहून किंवा विदर्भातून आलेल्या, शहरात एकही ओळख नसलेल्या कुटुंबासाठी मोलाची असते.

अन्न, निवारा आणि साहित्य

अन्नदानाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे, पण तिचे वेळापत्रक गरजेशी जुळत नाही. पितृपंधरवड्यात आणि सणांना दुपारी पुरी-भाजीच्या पाकिटांचे ढीग पडतात; रात्री नऊला, बाहेरगावची गाडी उशिरा पोहोचल्यावर, खायला काही नसते. त्यामुळे ठरावीक वारी रात्रीचे साधे जेवण, ताजे, कमी तिखट व कमी तेलाचे, द्यावे आणि ते नातेवाइकांना द्यावे. रुग्णाला, विशेषतः केमोथेरपी चालू असलेल्याला, बाहेरचे अन्न किंवा कापलेली फळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. पुष्कळदा शिजवलेल्या अन्नापेक्षा शिजवण्याची सोय अधिक हवी असते, कारण बंगालहून आलेल्या कुटुंबाला भात-मासे आणि मराठवाड्यातून आलेल्याला भाकरी आठवत असते.

निवाऱ्याच्या बाबतीत नवीन इमारत उभारण्याचे स्वप्न पाहण्यापेक्षा असलेल्या धर्मशाळांना बळ द्यावे. गाडगेबाबांनी देवळे बांधण्याऐवजी धर्मशाळा बांधल्या; त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक राहतात. कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड संस्थेची विनामूल्य निवासकेंद्रे २००६ पासून चालतात. अशा ठिकाणी चादरी धुण्याचा, गॅसचा किंवा एका खोलीचा महिन्याचा खर्च उचलता येतो. प्रत्येक जागेचे प्रवेशाचे नियम निराळे असल्याने कोणालाही तेथे पाठवण्यापूर्वी फोन करावा.

घरात पडून असलेले वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, चाकांची खुर्ची हे सारे रुग्णसाहित्य केंद्राला द्यावे. अनामत घेऊन वस्तू वापरायला देण्याची ही पद्धत महाराष्ट्रातील अनेक गावांत रुजलेली आहे. वस्तू देण्यापूर्वी ब्रेक, रबरी टोप्या आणि शिवणी तपासाव्यात. फाटके कपडे देऊ नयेत. उघडी औषधे तर कोणालाच देऊ नयेत.

बोलताना

रुग्णाच्या नातेवाइकांना वयाप्रमाणे काका, मावशी, दादा, ताई असे संबोधावे आणि आजाराची चौकशी त्यांनी विषय काढल्यावरच करावी. ‘‘सगळे ठीक होईल’’ असे आश्वासन देऊ नये, आणि औषधोपचारांविषयी मतही देऊ नये, मग शेजारच्या काकूंना कोणत्याही काढ्याने गुण आलेला असो. मदत देतानाचा फोटो काढू नये. देणगीदारांना पुरावा हवा असेल तर पावतीचा फोटो पाठवावा.

परत जाताना

डिस्चार्जच्या दिवशी एक तास मोकळा ठेवावा, कारण सर्वांत जास्त गोंधळ त्या दिवशी होतो. अहवाल तारखेनुसार लावून त्यांच्या दोन झेरॉक्स काढाव्यात आणि एक संच फायलीत, दुसरा वेगळ्या पिशवीत ठेवावा. कोणती गोळी कोणत्या वेळी घ्यायची हे रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत लिहून, ते परिचारिकेकडून तपासून घ्यावे. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्राची चित्रे काढली तरी चालतात. पुढच्या भेटीची तारीख, जवळच्या जिल्हा रुग्णालयात होऊ शकणाऱ्या तपासण्या आणि समाजसेवा विभागाचा फोन क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावा. रेल्वेच्या सवलतीचे प्रमाणपत्र पुढच्या खेपेसाठीही लागणार असेल, तर त्याची आठवण तेथेच करून द्यावी आणि आपण कोणत्या वारी येथे असतो, तेही त्याच कागदावर खाली लिहून ठेवावे.