उंच पोरगं की तयार पोरगं? निवडीला बसणाऱ्या नवख्यांसाठी

सोलापुरात शालेय बास्केटबॉलच्या मुलांची निवड मी बरीच वर्षं करतोय. नव्याने निवडीला बसलेल्यांना पहिली भुरळ पडते ती उंचीची. १४ वर्षांखालच्या गटात एखादा ताडमाड पोरगा आला की कागदावर त्याचं नाव आधी चढतं. थांबा. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण १३-१४ व्या वर्षी, मुलींची त्याच्या दोनेक वर्षं आधी. ज्याला मिसरूड फुटलंय त्याची बरीचशी वाढ होऊन गेलेली असू शकते. आज तो हात वर करून रिबाउंड (रिंगला लागून उडालेला बॉल) काढतो, पण १७ वर्षांखालच्या गटात बाकीचे त्याच्या उंचीला येतात आणि याला तोवर कुणी ड्रिबल (टप्पे देत बॉल नेणं) शिकवलेलं नसतं.

म्हणून मी विचारतो, “किती दिवस खेळतोयस?” पूर्व भागातलं, यंत्रमागाच्या गल्लीतलं पोरगं सहा महिन्यांपूर्वी बॉल हातात धरून चार वर्षं शिकलेल्याच्या जवळपास खेळत असेल, तर माझा कल त्याच्याकडे.

धोकेही सगळे सारखे नसतात. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या पोर्टलंड संघाने १९८४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या क्रमवार निवडीत, मायकल जॉर्डनला सोडून सॅम बोवीला घेतलं. संघात जॉर्डनच्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर होता, त्यांना सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) हवा होता, हे खरं. पण पायाच्या दुखापतीने बोवीचे कॉलेजचे दोन हंगाम आधीच वाया गेले होते. त्याच संघाने २००७ मध्ये केविन ड्युरंटऐवजी ग्रेग ओडन घेतला आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत त्याचा पहिला हंगाम बुडाला. उलट यानिस अँटेटोकूनम्पो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणारा, काटकुळा. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये १५ व्या क्रमांकावर गेला आणि पुढे एनबीएचा मोठा खेळाडू झाला. कच्चेपणा सरावाने जातो, दुखरा पाय नेहमी जातोच असं नाही. मात्र वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं पुष्कळदा वाढीपुरतंच असतं. तेवढ्यावरून कुणाचं नाव खोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुसरं, पणाला काय लागतंय ते बघा. आपल्या सतनाम सिंगला डॅलसने २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या क्रमांकावर घेतलं. तो एनबीएत एकही सामना खेळला नाही, पण इतक्या खालच्या क्रमांकावर संघाचं फारसं काही जात नाही. आपल्या बाराच्या संघातही पहिले आठ-नऊ आज सामना काढून देणारे घ्यावेत. जुगार शेवटच्या तीन-चार जागांवर. तिथेच नेमका पालकांचा आणि ओळखीपाळखीचा रेटा येतो. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणाऱ्या वाढीव गुणांचं गणित घरोघरी पाठ आहे. त्या जागा कुणासाठी ते ट्रायलच्या आधीच ठरवून ठेवा.

आणि ट्रायल सकाळी सातला लावा. सोलापूरच्या उन्हात अकरा वाजता तापलेल्या सिमेंटवर कोण दमला एवढंच कळतं. न निवडलेल्यांची उंचीही तारखेसकट वहीत लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.